चौथं गाणं, तीन मिनिटं अकरा सेकंद

मी चोवीस वर्षांची. बाकी चौघांचं वय मिळून
दोनशे सत्तावीस.
होकान सरकारी दवाखान्यात दात काढतो,
सिक्स्टेन शाळेची बस चालवतो,
योते लाकूड कारखान्यातून सुटला,
म्हणजे कारखानाच त्याच्या हातून सुटला,
आणि उल्रिका दर आठवड्याला चर्चमध्ये
माणसं पोचवते मातीपर्यंत,
त्याच दहा बोटांनी.
मी हिवाळाभर नगरपालिकेची
बर्फ काढायची गाडी चालवते. उरलेल्या वेळात ड्रम.
योते म्हणतो, घाई करतेस. अर्धा श्वास आधी पडतेस.

बंद पडलेल्या दूध डेअरीत आम्ही जमतो
म्हणून बँडचं नाव मिडनाइट डेअरी.
इथल्या पेपरात छापून आलं: नवोदित.
होकाननं कात्रण फ्रिजवर लावलं,
नवोदित या शब्दाखाली दोन रेघा.

आमच्या गाण्यांत सगळे निघून जातात,
मोटरसायकलवरून, मध्यरात्री, मागे वळून न बघता.
आमच्यातलं कुणीच कुठं गेलेलं नाही.
सिक्स्टेन तेवढा जातो, रोज चाळीस किलोमीटर,
आणि परत येतो, पोरांसकट.

फेब्रुवारी. उणे तेवीस. ओंगेरमान नदी
ट्रक पेलेल इतकी घट्ट.
माझी पाळी रूनारनं घेतली होती
कारण त्या रात्री चौथं गाणं रेकॉर्ड व्हायचं होतं,
ते संथ गाणं,
ज्याच्या शेवटच्या धृपदाला सूर एक पायरी वर चढतो
आणि गाणाऱ्याला खाली यायला जिना नसतो.

जिथं एकेकाळी दुधाचे कॅन गार व्हायचे
त्या पांढऱ्या फरशांच्या खोलीत होकान उभा.
थर्मासमधून ब्लूबेरीचं गरम सूप,
जिभेवर निळा डाग.
दुसऱ्यांच्या जबड्यांत आयुष्य घालवलेला माणूस
स्वतःचा जबडा उघडून.
एकोणीस वेळा सूर फुटला.
त्यानं सॉरी म्हटलं, दर वेळी, फरशांना.
विसाव्या वेळी
लागला.

लागला आणि थांबला, हलेचना,
काचेपलीकडं ट्यूराचा हात हवेतच राहिला,
उल्रिकानं शेवटची पट्टी दाबून धरली,
आणि बाहेर उतारावरून
रूनार आला.
नऊ टनांची गाडी, पुढं खाली सोडलेलं पातं,
गटाराच्या लोखंडी झाकणावर
खर्रर्र,
नेमका समेवर.

कुणी बोललं नाही.
मग सगळेच बोलले.
पुसून टाकू, योते म्हणाला, परत घेऊ.
परत? होकान म्हणाला. तो सूर आता माझ्याकडं नाही.
होता तेवढा दिला.
तीन आठवडे हे चाललं. योते दोनदा बँड सोडून गेला,
दोन्ही वेळा गिटार इथंच ठेवून.
शेवटी उल्रिका म्हणाली,
अंत्यविधीत पोर रडलं तर मी ऑर्गन थांबवत नाही.

मे महिन्यात तीनशे तबकड्या आल्या.
मुखपृष्ठावर सिक्स्टेनच्या जावयानं काढलेला लांडगा,
छपाईत काळवंडलेला, आता ओला कुत्रा वाटतो.
खोकी माझ्या गॅरेजात, टायरांवर रचलेली.
एक रूनारनं घेतली, पैसे मोजून.
त्याच्याकडं वाजवायला काही नाही.
चष्मा कपाळावर चढवून
मागची बारीक अक्षरं वाचत बसला, वितळत्या पायरीवर,
आणि स्वतःचं नाव सापडल्यावर
कव्हर उलटं ठेवलं मांडीवर. हवामानाबद्दल बोलला.

ओसाकाहून कुणी पत्र पाठवलं:
चौथ्या गाण्यात, तीन मिनिटं अकरा सेकंदांवर
जो आवाज आहे, तो कुठल्या यंत्राचा?
उल्रिकानं पोस्टकार्ड लिहिलं.
लोखंडावर लोखंड. वादक: रूनार.

पुन्हा नोव्हेंबर.
पहाटे चारला मी त्याच उतारावरून येते.
केबिनमध्ये रेडिओ बंद, मनात मोजत,
तीन, चार,
पातं झाकणाला लागतं.
रूनारसारखं समेवर नाही, एकदाही नाही.
अर्धा श्वास आधी.